टाकळा कोण ओळखतो?

जूनमध्ये पाऊस नीट लागला की दक्षिण मुंबईत जिथे म्हणून बोटभर माती उघडी असते, तिथे काहीतरी हिरवे डोके वर काढते. गिरगावातल्या खोताच्या वाडीत अशी माती फारशी उरलेली नाही. गल्ल्यांना फरशी किंवा सिमेंट, घरांना दगडी जोती, आणि मधल्या जागेत कुंड्या नि स्कूटर. तरीही भिंतीच्या तळाशी, गटाराच्या कडेला, कुलूप लावलेल्या एखाद्या घराच्या अंगणात घोळ पसरते, आंबुशी येते, काटेमाठ उभा राहतो, क्वचित टाकळाही उगवतो. या चारही वनस्पती खाण्याजोग्या आहेत आणि कोकणपट्टीत शतकानुशतके खाल्ल्या गेल्या आहेत. वाडीतल्या त्या रोपांना मात्र कुणी हात लावत नाही. त्याच आठवड्यात ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत किंवा दादर स्टेशनबाहेर टाकळ्याच्या जुड्या विकायला येतात आणि त्या घ्यायला गिरगावकर आवर्जून जातो. दाराशी उगवलेले सोडून दूरवरून आलेले विकत घेण्याच्या या व्यवहाराचे स्पष्टीकरण सहसा एका वाक्यात दिले जाते: शहर वाढले, रान संपले, म्हणून रानभाज्या बाहेरून आणाव्या लागतात. हे स्पष्टीकरण ऐकायला सरळ आहे, पण अर्ध्याहून अधिक चुकीचे आहे. यातल्या बऱ्याच वनस्पती शहरातून कधी गेल्याच नाहीत. ज्या मातीवर भरवसा ठेवता येईल ती माती गेली, आणि वनस्पती ओळखणारी नजर दुसऱ्या माणसांकडे गेली. हा फरक नीट समजला नाही तर या भाज्या वाचवण्याचे आपले सगळे बेत भलत्याच दिशेने जातात.

आधी मातीकडे पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाच्या ताब्यात असलेली ही जमीन पुढे तुकड्यातुकड्यांनी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांना विकली गेली आणि लाकडी पडव्या नि बाहेरून जिने असलेली ती घरे उभी राहिली. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ गिरगाव म्हणजे नारळीच्या बागा, ताडामाडांवर चढणारे भंडारी, मधूनमधून भाताची खाचरे आणि पलीकडे समुद्र असा प्रदेश होता. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, मुगभाट ही आसपासची नावे लागवडीचीच आहेत. म्हणजे मुंबईचे हे टोक ‘रान’ होते आणि इंग्रजांनी ते तोडले, असे चित्र रंगवण्यात अर्थ नाही. माणसाने सतत खणलेली, शिंपलेली, खत घातलेली ती जमीन होती. खतही साधे नव्हते. सतराव्या-अठराव्या शतकांत मुंबईत आलेल्या इंग्रजांच्या लिखाणात एक तक्रार वारंवार दिसते: इथले लोक माडांच्या मुळाशी कुजकी मासळी घालतात, तिची दुर्गंधी सुटते आणि त्या हवेने माणसे आजारी पडतात. ईस्ट इंडिया कंपनीने या प्रथेवर बंदी घालूनही पाहिली. आजाराचे निदान चुकीचे होते, पण निरीक्षण खरे होते. मासळीचे खत म्हणजे भरपूर नत्र. आणि नत्राने श्रीमंत झालेल्या, वारंवार उकरल्या जाणाऱ्या, उन्हात उघड्या राहणाऱ्या जमिनीत कोण फोफावते? माठ, काटेमाठ, घोळ. ज्यांना आपण रानभाज्या म्हणतो त्यांतल्या बऱ्याच अशाच माणसाच्या मागोमाग येणाऱ्या आहेत.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यात आश्चर्य नाही. टाकळा दाट जंगलात सापडत नाही. तो रस्त्याच्या कडेला, गुरे चरून गेलेल्या माळावर, पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यावर येतो. कुर्डू शेतातले तण आहे. कोवळेपणी खुडला तर भाजी आणि गुलाबी-पांढरे तुरे आले की शेतकऱ्याची डोकेदुखी. खाडीकाठी, मिठागरांच्या बांधांवर आणि भरतीचे पाणी अधूनमधून चढणाऱ्या खाजणात येणारी मोरस हीसुद्धा माणसाच्या कामाच्या जागी सुखाने राहते. तिची बारीक, गुबगुबीत पाने मातीतले मीठ पेशींच्या आत साठवून ठेवतात, म्हणून उरण-वसईकडे ही भाजी करताना ती उकडून पाणी टाकून देतात आणि वरून मीठ घालत नाहीत. याउलट शेवळे, कंटोळी, फोडशी, भारंगी यांचे खरे घर डोंगरउतार आणि विरळ झाडी हे आहे. त्या गिरगावात कधी विपुल असतील असे मानायला आधार नाही. तेव्हा ‘रानभाजी’ या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी बांधतो: वाडी-बांध-खाजणात माणसाच्या वावरासोबत येणाऱ्या भाज्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी येणाऱ्या भाज्या. मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेतलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानेही १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात बोर, करवंद, जांभूळ, कोकम अशा फळांची नोंद केली. लागवडीचे काय आणि आपोआप आलेले काय, अशी काटेकोर रेघ त्या काळच्या ताटात नव्हती. ती आपण नंतर ओढली.

मग गिरगावातली वेचण्याची जागा गेली कशी? इथे समुद्र मध्ये येतो. बॅकबेचा किनारा आजच्यापेक्षा कितीतरी आत होता आणि त्या काठाला गुरे चरत. सरकारने चराईवर कर बसवल्यावर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ मध्ये ठाकूरद्वारजवळ समुद्राकाठचे गवती रान विकत घेऊन गुरांना मोफत चरण्यासाठी खुले केले, ही हकीकत चर्नी रोडच्या नावाच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. गुरे चरतात ती जमीन म्हणजे टाकळ्याची आणि कुर्डूची जमीन. आणि ती सामायिक असेल तर गरिबाला तिथे खुडायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या तीस वर्षांत लोहमार्ग आला. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली आणि गिरगावच्या किनाऱ्याला समांतर रूळ पडले. विसाव्या शतकात भराव घालून मरीन ड्राइव्ह झाला, आणि अलीकडे त्याच्या पुढे सागरी किनारा मार्ग. प्रत्येक वेळी पाण्याची रेषा पुढे सरकली आणि चिखल-वाळू-गवताची मधली पट्टी नाहीशी झाली. पण ज्या लोहमार्गाने गिरगावाची ही पट्टी हिरावून घेतली त्यानेच वसई-विरारचा मळा शहराच्या दाराशी आणला. भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने येणाऱ्या वसईवाल्या मुंबईच्या ओळखीच्या झाल्या. पुढे पालघर, डहाणू, कर्जत, कसारा इकडच्या वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायकाही मालडब्यातून जुड्या घेऊन येऊ लागल्या. वेचणे थांबले नाही. ते गाडीच्या दुसऱ्या टोकाला गेले. मुंबईचा खवय्या स्वतः वेचणारा राहिला नाही; तो वेचणाऱ्यांचा गिऱ्हाईक झाला.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, हे सगळे स्मरणरंजन आहे. रानभाज्या मुळात दुष्काळाचे, नाइलाजाचे अन्न. पोट भरू लागल्यावर माणसे त्या सोडून देतात, आणि आता पोट सुटू लागल्यावर पुन्हा त्यांच्याकडे कौतुकाने वळतात. कातकऱ्यांच्या कडूकंदाबाबत पहिल्या भागात तथ्य आहे. तो काप करून, राखेच्या पाण्यात उकळून, रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवून मगच खायचा असतो, आणि एवढे कष्ट कुणी हौसेने घेत नाही. पण किनाऱ्यावर खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हा नियम लावता येत नाही, आणि त्याचा पुरावा स्वयंपाकघरातच आहे. शेवळे कुणाच्या घरात शिजतात ते पाहा: सीकेपी, पाठारे प्रभू, सोमवंशी क्षत्रिय पाठारे. या काही उपाशी जमाती नव्हेत. शेवळात कोळंबी किंवा सोडे पडतात, कुठे खिमा पडतो, वर नारळाचे दूध. टाकळा सुक्या जवळ्याबरोबर होतो. या जोड्या नुसत्या चवीसाठी जमलेल्या नाहीत. त्यामागे समुद्राचे वेळापत्रक आहे. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, मासळीची वीण चालू असते, आणि आता कायद्यानेही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. परंपरेने नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात जात नाही. ताजी मासळी दुर्मीळ होते नेमके तेव्हाच डोंगरउतारावर शेवळाचे कोंब फुटतात आणि माळावर टाकळा येतो. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले सोडे, सुकट, जवळा आणि पावसाने दिलेला पाला यांच्या जोडीवर किनाऱ्यावरच्या माणसाने हे दोन महिने काढले, आणि इतके चविष्ट काढले की आता मासळी बारमाही शीतगृहातून मिळत असतानाही ती जोडी सुटलेली नाही. नाइलाजाचे अन्न नाइलाज संपल्यावर टिकत नाही. हे टिकले. ईस्ट इंडियन घरांतल्या बॉटल मसाल्यात पडणारे दगडफूल आणि तिरफळ हेही वेचून आणलेलेच. दगडफूल तर झाडांच्या सालींवर नि खडकांवर वाढणारे शैवाक आहे. श्रीमंत मसाल्यात ते असते म्हणून त्याला कुणी दुष्काळी म्हणत नाही.

या टिकण्याला सणांनीही हातभार लावला आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, म्हणून अळू, माठ, सुरण असे नांगराविना आलेले एकत्र शिजते. गोकुळाष्टमीला कोकणी घरात शेवग्याच्या पाल्याची भाजी असते. गणपतीच्या एकवीस पत्रींत आघाडा, माका, रुई, डोरली, विष्णुक्रांता अशी निव्वळ तणे आहेत. नरकचतुर्दशीला पायाखाली फोडायचे कडू कारीट तर फक्त वेचूनच मिळते. ज्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीने १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसवला, तिथे भाद्रपदात पत्री विकणाऱ्या बायकांची रांग अजूनही लागते. धर्मशास्त्राचे काहीही असो, व्यवहाराच्या दृष्टीने हा वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी होणारा मागणीचा पुकारा आहे. त्यामुळे दोन पिढ्या सिमेंटवर राहिलेल्या घरालाही आघाडा कसा दिसतो हे निदान माहीत असते.

दिसणे आणि ओळखणे यांत मात्र मोठे अंतर आहे, आणि माझ्या मुद्द्याचा गाभा तिथे आहे. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे नाव मराठी वाचकाला बडोद्याच्या १९०९ सालच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून कदाचित आठवेल. ते लष्करी वैद्यकीय सेवेतले शल्यवैद्य आणि पक्के वनस्पतिशास्त्रज्ञ होते. बामनदास बसूंबरोबर केलेला त्यांचा औषधी वनस्पतींचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्ये आला. पण त्याआधी, १८९० च्या दशकात, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मुंबईच्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. खाण्याच्या वनस्पतींवर न लिहिता विषारी वनस्पतींवर लिहावे हा एका शल्यवैद्याचा अग्रक्रम मला अगदी योग्य वाटतो. हिरव्या पाल्यात चूक झाली तर ती सुधारायला दुसरी संधी मिळेलच असे नाही. टाकळ्याचेच उदाहरण घ्या. त्याची जवळची बहीण कासविंदा. दोन्ही एकाच कुळातल्या, दोन्हींची फुले पिवळी, दोन्हींना शेंगा. टाकळ्याच्या पानात सहसा तीन जोड्या पर्णिका, टोकाशी गोलसर. कासविंद्याच्या पानात चार ते सहा जोड्या, टोकदार. कोवळ्या रोपात पटकन दिसणारा फरक एवढाच. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनोर-सहारनपूरच्या बाजूला वर्षानुवर्षे पावसाळा सरता सरता लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन दगावत. मेंदूज्वराची साथ म्हणून तिकडे पाहिले जाई. २००७ च्या सुमारास डॉक्टरांच्या तपासात दिसून आले की मुलांनी खेळताना कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या, आणि त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर एकदमच आघात केला होता. तीन जोड्या की पाच, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेपुरता नसतो.

शेवळांत धोका कमी, पण त्रास खात्रीचा. सुरणाच्या कुळातल्या या वनस्पतीत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते घशात टोचतात. म्हणून फुलोऱ्याच्या दांड्यावरचा तळाचा खरखरीत भाग काढून टाकायचा, हाताला तेल लावून चिरायचे, आणि शिजवताना आंबट घालायचे. हे आंबट म्हणजे काकड, त्याच डोंगरावरच्या झाडाची हिरवी छोटी फळे. शेवळे विकणारी बाई जुडीबरोबर काकडेही देते. इथे ज्ञानाची वाटणी कशी झाली आहे ते स्पष्ट दिसते. कोणत्या उतारावर, पहिल्या सरीनंतर किती दिवसांनी, कोणता कोंब उपटायचा आणि कोणता सोडायचा, हे अर्धे ज्ञान तिच्याकडे. कोणता भाग टाकायचा, काकडे किती, सोडे आधी की नंतर, हे उरलेले अर्धे गिरगाव-दादरच्या स्वयंपाकघरात. दोन्ही अर्धी जुळल्याशिवाय ताटात भाजी येत नाही. शहरातला जुना गिऱ्हाईक स्वतः वेचत नसला तरी तो अडाणी नव्हता. शिळी शेवळे, फुलावर आलेला कुर्डू, जून झालेली भारंगी तो परत करीत असे. त्याची ही पारख म्हणजे वेचणारीच्या ज्ञानाला मिळणारी किंमत होती. नव्या घरातल्या सुनेने वा मुलाने काकडे ‘ही कसली फळे’ म्हणून टाकून दिली तर घसा खाजतो, आणि पुढच्या वर्षी त्या घरातून एक जुडी कमी विकली जाते. भाजी अशी नाहीशी होते. डोंगरावरून नव्हे, आधी स्वयंपाकघरातून.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे आणि तो उत्साही माणसांकडून येतो. युरोपात वेचून खाण्याला प्रतिष्ठा आली आहे. कोपनहेगनच्या नोमासारख्या उपाहारगृहाने समुद्रकाठची पाने चांदीच्या भावाने वाढली. मग मुंबईकरानेही किनारा, खाडी, रेल्वेकडेची जमीन इथे जाऊन स्वतः का वेचू नये? ज्ञान परत मिळवण्याचा तोच सरळ मार्ग नाही का? ओळखायला शिकण्यासाठी हिंडायला कुणाचीच हरकत नाही. धोबी तलावावरच्या सेंट झेविअर्स कॉलेजातला १९०६ पासूनचा ब्लॅटर वनस्पतिसंग्रह खोताच्या वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि मुंबईच्या तिवरांवर अभ्यास करणाऱ्या फादर ब्लॅटर यांचेच नाव त्याला आहे. पण खाण्यासाठी शहरातून वेचणे ही गोष्ट वेगळी. खारट जमिनीतल्या मोरसेसारख्या वनस्पती मीठ शोषतात तसे शिसे, कॅडमियमसारखे जड धातूही घेऊ शकतात. खाऱ्या जमिनीतल्या काही वनस्पती दूषित माती स्वच्छ करण्यासाठी वापरता येतील का याचा अभ्यास होतो, तो याच गुणामुळे. जी वनस्पती विष ओढून घेण्यासाठी लावायची, तीच शहराच्या सांडपाण्याने भरलेल्या खाडीतून खुडून आमटीत घालायची, यात शहाणपणा नाही. गटाराकडेच्या घोळीत ओमेगा-३ भरपूर असते हे खरे, पण तिच्या मुळाशी काय आहे हे तिच्या चवीवरून कळत नाही. शिवाय कायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून महाराष्ट्रात तिवरांच्या तोडीवर कडक निर्बंध आहेत, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून पाला-कंद उचलणे हा गुन्हा आहे. ती बंधने योग्य आहेत. एका शहराच्या सगळ्या हौशी लोकांनी वेचायला सुरुवात केली तर उरलेली खाजणे एका हंगामात ओरबाडली जातील.

इथे इंग्लंडच्या कायद्याशी तुलना मोठी बोलकी आहे. तिथल्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात म्हटले आहे की दुसऱ्याच्या जमिनीवर आपोआप उगवलेली अळिंबी, फुले, फळे, पाने कुणी तोडली तर ती चोरी नव्हे. पण विकण्यासाठी तोडली तर चोरी. हौसेला मुभा, पोटाला मनाई. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याचा कल नेमका उलट आहे: जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचाही हक्क त्याने मान्य केला. आपल्या परिस्थितीला हाच कल शोभतो. पालघर-रायगडच्या बाईसाठी पावसाळ्याचे ते दोन-तीन महिने म्हणजे शेतमजुरीच्या जोडीला रोख रक्कम मिळण्याचे दिवस. शहरी माणसाने ‘निसर्गाशी नाते’ म्हणून तीच भाजी फुकट खुडायची आणि तिने विकली की तिला ओरबाडणारी ठरवायचे, हा न्याय मला पटत नाही.

पण विक्रीने वनस्पती संपतात, हा तिसरा आक्षेप एवढ्याने निकालात निघत नाही. त्याचे उत्तर वनस्पतीच्या कोणत्या भागाला किंमत मिळते यावर अवलंबून आहे. फोडशी किंवा कुलू म्हणून आपण ज्या गवतासारख्या पानांची भाजी खातो त्यांतल्या एका जातीचे शास्त्रीय नावच बोरिवलीवरून आहे, क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात तिचे वर्णन केले. हिची पाने खुडली तर जमिनीतले कंद शाबूत राहतात आणि पुढच्या पावसाला पुन्हा पाने येतात. पण हेच कंद सफेद मुसळी म्हणून ताकदीच्या औषधांच्या बाजारात जातात, आणि त्यासाठी रोप मुळासकट खणावे लागते. या जातीचे नैसर्गिक साठे आटले ते कंदांच्या व्यापाराने. भाजीच्या जुड्यांना त्याचा दोष देता येत नाही. भाजीवाल्या बाईला पुढच्या वर्षी त्याच उतारावर यायचे असते, मुसळीच्या ठेकेदाराला तसे काही बंधन नसते. शेवळाबाबत मात्र मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही. तिथे आपण फुलोराच खातो. कंद जमिनीत राहतो, पुढे त्यातून पान फुटते, त्या कोवळ्या पानाला काही भागांत लोत म्हणतात आणि त्याचीही भाजी करतात. म्हणजे एकाच कंदाचे फूलही आपले आणि पानही आपले. कंद नवे बी न धरता किती वर्षे तग धरेल, याला मर्यादा असणारच. शेवळांची मागणी वाढवण्याचे जे कोणी बेत आखतात त्यांनी काही उतार आळीपाळीने एकेक वर्ष मोकळे सोडण्याचा बेतही सोबत आखला पाहिजे, आणि तो वेचणाऱ्या गावाबरोबर बसून.

राहिला शेवटचा आणि सगळ्यांत व्यवहारी प्रश्न: सरळ लागवड का करू नये? कंटोळीची शेते आता आहेतच, अंबाडी नि घोळ पूर्वीपासून पेरल्या जातात, आणि कृषी खाते ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवते. त्या महोत्सवांत पाककृतींची माहितीपत्रके मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. अर्धे ज्ञान तरी पुन्हा स्वयंपाकघरात जाते. लागवडीला माझा तत्त्वतः विरोध नाही. ज्या भाज्या मुळातच वाडीच्या आणि बांधाच्या सोबती होत्या, टाकळा, कुर्डू, घोळ, माठ, त्या स्वच्छ मातीच्या शेतात किंवा गच्चीवरच्या वाफ्यात वाढवणे म्हणजे त्यांना जुन्या घरी आणणेच आहे. खोताच्या वाडीतल्या एखाद्या घराने कुंडीत चांगली माती घालून घोळ लावली तर ती भिंतीच्या तळाशी आलेल्या घोळीपेक्षा बेशक खावी. पण डोंगराच्या भाज्यांना हे उत्तर लागू नाही. शेवळ हे पाऊस, उतार, झाडोरा आणि त्या उताराला ओळखणारी बाई यांच्या जुळणीतून येते, आणि लागवडीत पहिली गळते ती शेवटची. जमीन ज्याच्या नावावर आहे तो लागवड करतो. कातकऱ्याच्या नावावर बहुधा जमीनच नसते. म्हणून डोंगराच्या भाज्यांसाठी शहराने करण्याजोगे काम वेगळे आहे, आणि त्यात शेती नाही, जागा आहे. शहरातली फेरीवाल्यांची व्यवस्था वर्षभर एका ठिकाणी बसणाऱ्याला मोजते. जूनमध्ये येऊन सप्टेंबरात परतणारी, पहाटे मालडब्यातून उतरून दुपारपर्यंत जुड्या संपवणारी बाई त्या मोजणीत सहज निसटते, आणि पदपथावरून उठवली जाणारी पहिली तीच असते. मुगभाट, ठाकूरद्वार, भाजी गल्ली, दादर इथे पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरते पाच-दहा चौरस फुटांचे ठरलेले ओटे, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह एवढी सोय महापालिकेला अशक्य नाही. जुनी गिऱ्हाइके कुठे जायचे ते जाणतील, नवी विचारत येतील, आणि काकडे कशाला देता असे कुणी विचारले तर ती सांगेलही.